बेळगाव ते विजापूर: बोलपटाच्या पहिल्या पिढीची गावं आणि अंत्यस्थानं

सीमाभागात जुन्या नटनट्यांचा माग काढायला निघणाऱ्यानं आधी एक गोष्ट कागदावर मांडून घ्यावी: कुणाला अग्नी दिला आणि कुणाला माती. ज्याला अग्नी दिला त्याची रक्षा नदीत किंवा शेतात गेली, तिथं दगड सापडायचा नाही. ज्याला माती दिली त्याची जागा सापडू शकते, पण ती पक्की बांधली होती की कच्ची, यावर सगळं अवलंबून. हे न ठरवता निघालेली माणसं जन्मगावी जाऊन समाधी विचारतात, गावकरी भलत्याच कुणाची तरी दाखवतात, आणि त्या जागेचा फोटो चुकीच्या नावानं फिरत राहतो.

खालचा मार्ग पाच दिवसांचा आहे, अण्णासाहेब किर्लोस्कर, सुलोचना लाटकर, विष्णुपंत पागनीस आणि मुख्यतः गायिका-नटी अमीरबाई कर्नाटकी यांच्या मागावरचा. बेळगाव, सौंदत्ती, निपाणी-चिकोडी, बिळगी, विजापूर असा. स्वतःची गाडी असेल तर उत्तम, नसेल तर वायव्य कर्नाटक परिवहनच्या बस सगळीकडे जातात. नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी हा काळ धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर आला की चिकोडी भागातले कल्लोळ-यडूरसारखे सखल पूल पाण्याखाली जातात आणि दहा किलोमीटरच्या वाटेला पन्नास किलोमीटरचा वळसा पडतो. एप्रिल-मेमध्ये विजापूरचा पारा चाळिशी गाठतो, दुपारी उघड्या दफनभूमीत काम होत नाही. १ नोव्हेंबरच्या आगेमागे दोन-तीन दिवस टाळावेत. त्या दिवशी कर्नाटकचा राज्योत्सवही असतो आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवसही, आणि वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात. बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असेल त्या आठवड्यात लॉजवर खोली मिळणं अवघड.

पहिला दिवस: बेळगाव

हा दिवस कागदपत्रांचा. इथं घाई केली तर पुढचे चार दिवस फुकट जातात.

सकाळी सार्वजनिक वाचनालय गाठावं. १८४८ साली स्थापन झालेली ही संस्था, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या कित्येक संस्थांहून जुनी. नटांच्या निधनवार्ता शोधायच्या तर मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली हाच पहिला आधार. ‘तरुण भारत’ बेळगावात १९१९ पासून निघतो. फाईल मागताना नुसतं नटाचं नाव सांगून उपयोग नसतो, तारीख सांगावी लागते. निधनाच्या तारखेपासून पुढचे पंधरा दिवस चाळावेत. पहिल्या दिवशी चार ओळींची बातमी असते. अंत्ययात्रा कुठून निघाली, कुठल्या स्मशानात गेली, खांदा कुणी दिला, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेच्या बातमीत येतं. बहुतेक जण पहिल्या बातमीवर थांबतात आणि नेमकी हीच माहिती हुकते.

दुसरा आधार मृत्यूच्या नोंदवहीचा. यात तीन घोटाळे ठरलेले. पहिला: बेळगाव शहर आणि कॅम्प यांच्या नोंदी वेगळ्या. कॅम्पात झालेला मृत्यू छावणी मंडळाच्या वहीत असतो, महापालिकेत कितीही शोधला तरी मिळत नाही. दुसरा: १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं त्याआधीच्या वह्या मराठीत, कधी मोडीत असू शकतात आणि नंतरच्या कन्नडमध्ये. मोडी वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवावा, कचेरीत तो मिळेल या भरवशावर राहू नये. तिसरा घोटाळा संस्थानांचा. शहापूर हा आज बेळगावचाच भाग वाटतो, पण तो सांगली संस्थानात होता. जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही तर स्वतंत्र संस्थानं. १९४८ च्या विलीनीकरणाआधी तिथं वारलेल्या माणसाची नोंद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात नसते.

वहीत नावावरून शोधू नये, तारखेवरून शोधावं. रंगभूमीवरचं नाव वहीत जवळजवळ कधीच येत नाही. ‘मास्टर’, ‘कर्नाटकी’, ‘देवी’ ही सगळी कंपनीनं किंवा रेकॉर्डवाल्यांनी लावलेली नावं. वहीत असतं बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. नोंद उशिरा लावायची पद्धत सर्रास होती, म्हणून मृत्यूच्या दिवसापुढची किमान तीन आठवड्यांची पानं बघावीत. सापडलं नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या माणसाला तीच वही पुन्हा उपसावी लागत नाही.

नामसाधर्म्याचा गुंता बेळगावातच सोडवून घ्यावा. ‘सुलोचना’ म्हटलं की निदान तिघी पुढं येतात: मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स, ज्या १९८३ साली मुंबईत वारल्या, लावणीगायिका सुलोचना चव्हाण, ज्या डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या, आणि आपल्या मार्गावरच्या सुलोचना लाटकर. शिवाय १९३४ च्या पहिल्या कन्नड बोलपटाचं नाव ‘सती सुलोचना’. त्याचं चित्रीकरण कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये झालं, त्यामुळं शोधताना तोही मध्ये येतो. ‘गोहर’चंही तसंच. कलकत्त्याच्या गायिका गौहर जान १७ जानेवारी १९३० ला म्हैसुरात वारल्या. रणजित मूव्हीटोनच्या गोहर मामाजीवाला १९८५ साली मुंबईत. बालगंधर्वांच्या सहचारिणी, बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी १९६४ साली गेल्या. ‘कर्नाटक’ आणि ‘गोहर’ हे दोन शब्द एकत्र शोधले की म्हैसूरची माहिती बिळगीच्या बाईला चिकटते. हे इतक्या ठिकाणी झालंय की छापील मजकुरावरही विश्वास ठेवू नये.

दुपारी सामान घ्यावं. दोन इंची मऊ केसांचा रंगाचा ब्रश, लिटरभर साधं पाणी, पाच मीटरचा टेप, होकायंत्र (फोनमधलं चालतं, पण लोखंडी फाटकाजवळ ते चुकतं), वीतभर लांबीची पट्टी, आणि एक हातभर आरसा. आरशाचं काम पुढं विजापुरात येईल. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण, खडू यांतलं काहीही सोबत नको.

बेळगावची मोठी स्मशानभूमी सदाशिवनगरची. पाट्या कन्नडमध्ये असतात, म्हणून दोन शब्द कानावर असावेत: हिंदूंच्या स्मशानाला ‘रुद्रभूमी’ आणि मुसलमानांच्या दफनभूमीला ‘खबरस्तान’. विचारताना ‘गोरी एल्लिदे?’ म्हटलं की कबर कुठं आहे हे पोचतं. बेळगाव-निपाणी पट्ट्यात मराठीवर काम भागतं. बिळगी-विजापूरकडे कन्नड किंवा दखनी उर्दू लागते.

दुसरा दिवस: गुर्लहोसूर

बेळगावाहून बैलहोंगलमार्गे सौंदत्ती साधारण ८५ किलोमीटर. त्याच तालुक्यात गुर्लहोसूर आहे, अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव. यल्लम्मेच्या पौर्णिमांना, विशेषतः मार्गशीर्ष आणि माघातल्या, हा रस्ता बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि पायी जाणाऱ्या भक्तांनी भरलेला असतो, तेव्हा तिथी बघून निघावं.

अण्णासाहेब चित्रपटाच्या आधीचे. ३१ मार्च १८४३ ला जन्मले ते इथं, आणि २ नोव्हेंबर १८८५ ला गेले तेही इथंच. जन्म आणि मृत्यू एकाच गावात असलेला या मार्गावरचा हा एकच माणूस. त्यांना या यादीत घेतलं याचं कारण असं की मराठी बोलपटाला पहिली गाती माणसं मिळाली ती त्यांनी उभ्या केलेल्या परंपरेतून. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं, त्यातून किर्लोस्कर मंडळी. त्या मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व कंपनी निघाली. पुढं १९३२ मध्ये प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला तेव्हा हरिश्चंद्र झाले टेंबेच, तारामती दुर्गा खोटे. बालगंधर्व स्वतः १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून पडद्यावर आले. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला नट पुरुषवेशात बघायला लोक आले खरे, पण रंगमंचावरची जादू पडद्यावर उतरली नाही, आणि याचं दुःख आजही जुन्या रसिकांच्या बोलण्यात येतं.

गुर्लहोसुरात समाधीच्या शोधात फिरू नये. ब्राह्मण घरात अग्नी दिला जातो आणि गृहस्थाश्रमी माणसाची समाधी बांधत नाहीत. समाधी असते ती संन्याशाची. गावात एखादी जुनी दगडी समाधी दाखवली गेलीच तर वर पादुका आहेत का बघावं. पादुका असतील तर ती बहुधा कुणा साधूची किंवा मठातल्या माणसाची. इथं बघायचं ते गाव, नदी आणि अंतर. बेळगावात मास्तरकी केलेला माणूस शेवटी इथं परतला, हे अंतर बसनं कापल्यावरच कळतं.

तासाभरात काम होतं. मुक्कामाला बेळगावात परत यावं, सौंदत्तीत राहण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशीची दिशा उलटी आहे.

तिसरा दिवस: निपाणी, खडकलाट, चिकोडी

राष्ट्रीय महामार्ग ४८ नं संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी. सुमारे ७५ किलोमीटर, दीड तास. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी एक इशारा: बेळगाव-मिरज मार्गावर ‘चिकोडी रोड’ नावाचं स्टेशन आहे, ते चिकोडी गावात नाही, बरंच दूर आहे. गाडीतून उतरल्यावर पुन्हा वाहन शोधावं लागतं. निपाणीला कोल्हापूरहून दर थोड्या वेळानं बस आहे, तीच सोयीची.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं खडकलाट हे सुलोचना लाटकरांचं जन्मगाव. जन्म ३० जुलै १९२८. ‘लाटकर’ या आडनावातच गाव आहे. त्या मूकपटांच्या पिढीच्या नव्हेत. १९४० च्या दशकात कोल्हापुरात मास्टर विनायक आणि भालजी पेंढारकर यांच्या हाताखाली उभ्या राहिल्या, म्हणजे स्टुडिओ पद्धतीतली शेवटची पिढी. तरी त्यांना वगळून हा मार्ग पूर्ण होत नाही, कारण सीमाभागातली मुलगी पडद्यावर जाऊन सगळ्या महाराष्ट्राची आई झाली, असं दुसरं उदाहरण नाही. ४ जून २०२३ ला मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या शिवाजी पार्क स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्यामुळं खडकलाटला जाणाऱ्यानं जन्मगाव म्हणून जावं, अंत्यस्थान मुंबईत आहे असं स्वच्छ लिहावं.

या पट्ट्यातल्या अंत्यविधीची रीत समजून घेतली तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. मराठा आणि इतर अनेक समाजांत दहन. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. पूर्वी रक्षा नदीत जायची: वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, आणि ऐपत असेल तर अस्थी नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. अलीकडं कोल्हापूर-निपाणी भागात रक्षा शेतात मिसळून त्यावर झाड लावायची पद्धत बरीच रुजली आहे. म्हणजे एखाद्या जुन्या कलावंताचं खरं अंत्यस्थान शेताच्या बांधावरचा एखादा आंबा असू शकतो. त्यावर पाटी नसते, कुटुंबाखेरीज कुणाला माहीत नसतं, आणि शेत विकलं गेलं की तीही खूण जाते. घरच्यांनी ती जागा दाखवली तर सर्व्हे नंबर, बांधाची दिशा आणि झाडाचा प्रकार लिहून घ्यावा, मात्र छापताना घरच्यांची परवानगी नसेल तर फक्त गावाचं नाव द्यावं.

निपाणीहून चिकोडी सुमारे २५ किलोमीटर. चिकोडी हे विष्णुपंत पागनीसांचं जन्मगाव, साल १८९२. लहानपणापासून कोल्हापूरच्या स्वदेश हितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका, गळा गोड. मग १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, गौरी या नटीची जिजाई, मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ मुक्काम, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव. पागनीसांनी त्यानंतर तुलसीदास केला, नरसी भगत केला, विदुर केला, पण लोकांनी त्यांना तुकोबाच म्हटलं. ३ ऑक्टोबर १९४३ ला ते गेले.

चिकोडीत त्यांच्यासाठी बघायची जागा म्हणजे भजनी मंडळांची घरं आणि विठ्ठलमंदिरं. भिंतीवरच्या तुकोबांच्या तसबिरी नीट पाहाव्यात. बऱ्याच तसबिरींत जो चेहरा आहे तो देहूच्या तुकोबांचा नाही, पागनीसांचा आहे. ओळखायची रीत अशी: छापील चित्र छायाचित्रावरून केलेलं असेल तर डोळ्यांखालची सावली एकाच बाजूनं पडलेली दिसते, मुंडाशाची घडी खऱ्या कापडासारखी असमान असते आणि वीणेवर धरलेल्या हाताची बोटं प्रमाणात असतात. निव्वळ चितारलेल्या तसबिरीत प्रकाश सगळीकडून सारखा असतो. चौकटीच्या मागची बाजू बघायला मिळाली तर छापखान्याचं नाव खालच्या कडेला असतं. तसबीर खाली उतरवायला सांगू नये. ती पूजेत असते, हळदकुंकू लागलेलं असतं. उभ्या उभ्या, फ्लॅश न लावता फोटो घ्यावा आणि घरच्यांनी विचारलं तरच पागनीसांचं नाव सांगावं. कुणाच्या देव्हाऱ्यातल्या तुकोबांना नट ठरवण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि एका नटाला यापेक्षा मोठी जागा मिळत नाही हेही खरं.

अर्धा दिवस हाताशी असेल तर निपाणीहूनच ४० किलोमीटरवरचं कोल्हापूर करता येतं. बाबूराव पेंटर १६ जानेवारी १९५४ ला तिथंच गेले. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची खूण म्हणून उभा आहे. पण हद्दीपलीकडचं हे काम वेगळं धरावं. एका दिवसात दोन्हीकडे पळालं की दोन्ही अर्धवट राहतात.

चौथा दिवस: जमखंडीमार्गे बिळगी

चिकोडीहून रायबाग, हारूगेरी, तेरदाळमार्गे जमखंडी. उसाचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं गाडी अडकते, चार तास धरून चालावं. जमखंडीहून बिळगी पुढं पाऊणएक तास.

या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आणि उत्तर कर्नाटकातल्या नाटक कंपन्यांत याच समाजातले पुष्कळ नट. त्यांच्यात दहन नाही, माती देतात. देहाला पद्मासनात बसवतात, डाव्या हातात इष्टलिंग ठेवतात, भस्म आणि बेलाची पानं भरून खड्डा बुजवतात. खड्डा बैठकीचा असल्यानं जमिनीवरची खूणही चौरस असते, माणसाच्या लांबीची नसते. ही गोष्ट माहीत नसली की लोक समोरची समाधी ओलांडून जातात आणि लांबट कबर शोधत बसतात. घराण्याच्या शेतात, विहिरीजवळ किंवा बांधाच्या कोपऱ्यात हात-दोन हात उंचीचा चौथरा आणि वर लहानसं लिंग किंवा नंदी, एवढंच असतं. मठात मोठी गद्दुगे, म्हणजे समाधीपीठ, दिसली तर ती स्वामींची. नट कितीही मोठा असला तरी त्याला गद्दुगे बांधत नाहीत.

बिळगी हे अमीरबाई कर्नाटकी आणि त्यांच्या बहीण गोहरबाई यांचं गाव. घर गाण्याबजावण्याचं. अमीरबाई १९३४ च्या ‘विष्णुभक्ती’तून पडद्यावर आल्या. १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’नं त्यांचा आवाज घरोघर नेला, संगीत अनिल विश्वासांचं. पुढच्या वर्षी नौशादांचा ‘रतन’. कन्नड मुलखातून गेलेली, मराठी रंगभूमीच्या घरोब्यातली, हिंदी-उर्दू गाणारी ही बाई. आज तिन्ही भाषांतले लोक तिला आपली म्हणत नाहीत, आणि हा प्रवास मुळात तिच्यासाठी आहे.

बिळगीत कबर शोधू नये, ती विजापुरात आहे. बिळगीत काय गेलं ते समजून घ्यावं. या तालुक्याच्या नदीकाठच्या गावांवर अलमट्टीच्या बॅकवॉटरचं पाणी आलं. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर, आणि त्या रेषेखालची घरं, देवळं, मशिदी, दफनभूमी सोडून गावं वर हलवली गेली. पुनर्वसन झालं माणसांचं. जुन्या कबरी बहुतेक ठिकाणी तिथंच राहिल्या. त्यामुळं या भागातल्या कुणा कलावंताच्या आईबापांच्या कबरी शोधताना गावाचं नाव जुळलं तरी जागा जुळत नाही. नवी वसाहत आणि जुनं गाव असे दोन वेगळे ठिपके नकाशावर टाकावेत. मे अखेरीस पाणी खाली गेलं की काही जुने चौथरे उघडे पडतात, पण गाळात पाय रुततो. स्थानिक माणूस सोबत असल्याखेरीज आत जाऊ नये.

पाचवा दिवस: विजापूर

बिळगीहून कोल्हारच्या लांब पुलावरून कृष्णा ओलांडली की विजापूर दीड तासात. सकाळी आठच्या आत शहरात पोचावं.

अमीरबाईंचं निधन ३ मार्च १९६५ ला झालं आणि त्यांना विजापुरात माती दिली. त्यांच्या नावाचं अमीर टॉकीज शहरात आहे. रिक्षावाल्याला, टांगेवाल्याला नाव सांगितलं की पोचवतात. सुरुवात तिथूनच करावी, थेट दफनभूमीतून नव्हे. कारण साधं आहे: विजापुरात कबरी हजारोंनी आहेत, आदिलशाहीपासूनच्या, आणि कुठल्याही जुन्या कबरीला कुणीही कुठलंही नाव जोडून देतं. टॉकीजच्या आसपासच्या साठी-सत्तरीच्या माणसांना विचारावं. नंतर त्यांनी सांगितलेल्या मोहल्ल्याच्या मशिदीत जमातीच्या जुन्या माणसांना भेटावं, आणि मग दफनभूमीची व्यवस्था बघणाऱ्या मुतवल्लींना. हा क्रम उलटा केला तर परवानगीच मिळत नाही. शुक्रवारी दुपारी बारा ते अडीच कुणाला गाठू नये. काही ठिकाणी बायकांना दफनभूमीत आत सोडत नाहीत. आधी विचारून घ्यावं, वाद घालू नये, फाटकाबाहेरून फातिहा वाचणारे घरचेही असतात.

आत गेल्यावर काय बघायचं? कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेकडं. म्हणून शिळा असली तर उत्तरेच्या टोकाला. दख्खनमध्ये जुन्या पक्क्या कबरींवर आणखी एक खूण असते: पुरुषाच्या कबरीच्या माथ्यावर उंचवटा, त्याला कलमदान म्हणतात, आणि बाईच्या कबरीवर सपाट तख्ती. विसाव्या शतकातल्या सिमेंटच्या कबरींत हा नियम पाळलेला असेलच असं नाही, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, पण दहांतल्या कुठल्या सहा आधी वाचायच्या हे ठरवायला तो कामी येतो.

शिळेवरचा मजकूर ठरावीक क्रमानं असतो. वर बिस्मिल्ला किंवा ७८६, मग नाव. बाई असेल तर नावाआधी ‘मरहूमा’, पुरुष असेल तर ‘मरहूम’. नावापुढं ‘बिन्त’ म्हणजे अमक्याची मुलगी, किंवा ‘जौजा’ म्हणजे अमक्याची बायको. ‘कर्नाटकी’ शब्द असेलच अशी अपेक्षा नको. शेवटी ‘तारीख-ए-वफात’. इथं हिजरी साल असेल तर १३८४ शोधायचं. ते साल १९६४ च्या मे महिन्यात सुरू होऊन १९६५ च्या एप्रिलअखेर संपलं. महिना शव्वाल, तोही संपत आलेला. वार दिला असेल तर बुधवार, आणि हा तिसरा पुरावा फार मोलाचा, कारण आकडे झिजतात, वाराची अक्षरं तितकी झिजत नाहीत. उर्दू आकड्यांत सात हा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ उलट्या व्हीसारखा. चुन्याच्या थराखाली नेमका हाच फरक बुजतो आणि १३८४ चे १३७४ वाचले जातात. शिळा उलटी बसवली असेल तर आणखी घोळ, म्हणून आधी दुसऱ्या ओळीवरून शिळेची वरची बाजू पक्की करावी.

अक्षरं दिसत नसतील तर आरसा काढावा. सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपं असतं. शिळेच्या एका बाजूला अंगाची सावली पाडायची आणि दुसऱ्या बाजूनं आरशानं ऊन शिळेच्या पातळीला जवळजवळ समांतर टाकायचं. खोदलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. दोन माणसं लागतात, एक आरसा धरायला, एक फोटोला. धूळ ब्रशनं झाडावी. शेवाळ असेल तर साध्या पाण्यानं ओलं करून पाच मिनिटं थांबावं आणि वरून खाली हलक्या हातानं पुसावं. चुना खरवडू नये. खडू किंवा पीठ घासून अक्षरं उठवायची सवय पुष्कळांना आहे. खडूचे कण बारीक भेगांत राहतात, पीठाला बुरशी धरते, आणि फोटोपुरतं वाचलेलं अक्षर पुढच्या दोन पावसाळ्यांत जातं. गोलघुमट, इब्राहिम रोजा यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या आवारातल्या कबरींना तर ब्रशही लावू नये, तिथं पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

शिळाच नसेल तर? मग दोन शक्यता. कबर कच्ची असेल तर चार-पाच पावसाळ्यांत माती बसते, उंचवटा जातो आणि गजबजलेल्या दफनभूमीत त्याच जागी दुसरी माती दिली जाते. हा दुर्लक्षाचा दोष नव्हे, जागा कमी असते आणि धर्मशास्त्राप्रमाणं कबर साधी ठेवणंच बरं मानणारेही आहेत. अशा वेळी घरच्यांनी दाखवलेली जागा ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ अशी नोंदवावी आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळ्या वेळी दाखवून घ्यावी. दोघांची जागा तीन-चार पावलांच्या आत जुळली तर विश्वास ठेवायला हरकत नाही. दुसरी शक्यता: शिळा होती, पण कुंपण किंवा रस्ता रुंद करताना हलली. म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेल्या सुट्या शिळाही एकदा वाचाव्यात.

सोबत विजापूर नगरपालिकेच्या काळातली १९६५ ची मृत्यूनोंद बघावी. कन्नडमधली असेल. ३ मार्चपासून महिनाअखेरपर्यंतची पानं पुरतात.

नोंद करताना चार फोटो: फाटकापासूनची वाट, पूर्ण कबर, नुसती शिळा समोरून, आणि शिळेची बाजू पट्टी ठेवून. कबरीची लांबी-रुंदी टेपनं, जवळच्या पक्क्या खुणेपासूनचं अंतर पावलांनी नव्हे, मीटरमध्ये. झाड ही पक्की खूण नव्हे, विहीर किंवा मशिदीचा कोपरा चालतो. कबरीवर पाय पडू देऊ नये, दोन कबरींच्या मधून चालावं. गाण्याच्या ओढीनं आलेले काही जण तिथं फोनवर ‘धीरे धीरे आ रे बादल’ लावतात. दफनभूमीत ते कुणाला रुचत नाही, आणि पुढच्या येणाऱ्याला फाटक बंद होतं. गाणं टॉकीजसमोर उभं राहून ऐकावं. फुलं न्यायची तर गुलाबाच्या पाकळ्या चालतात, प्लास्टिकमध्ये बांधलेला हार नको.

नोंदीच्या तीन प्रती काढाव्यात. एक मुतवल्लींकडे, उर्दूत किंवा कन्नडमध्ये. एक बेळगावच्या वाचनालयात, मराठीत. एक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, जे १९६४ पासून चित्रपटांचा ठेवा जपण्यासाठी आहे. प्रत्येक प्रतीवर बघितल्याची तारीख हवी, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर तीच शिळा तशीच असेल असं नाही.

परतीला विजापूर-बेळगाव बसला पाच-सहा तास लागतात, दुपारी दोनच्या आत निघालं तर रात्री जेवायच्या वेळेला पोच. सोलापूर-गदग रेल्वेमार्ग विजापूरवरून जातो, त्यामुळं पुण्या-मुंबईकडं जाणाऱ्यांनी बेळगावला न परतता सोलापूर धरावं.